कातळावरचा प्लॉट की काळ्या मातीतला? नाशिकमध्ये घर बांधणाऱ्यांसाठी

दोन्ही जमिनी मुळात एकाच लाव्हाच्या. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून तो थरावर थर पसरला. थिजला तो पांडवलेण्याचा बेसॉल्ट, झिजून कुजला ती निफाडकडची काळी माती. तो पुन्हा उसळेल ही भीती सोडा. भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानजवळच्या बॅरन बेटावर आहे. भूकंपाचं मात्र तसं नाही. आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत नाशिक झोन ३ मध्ये येतं, कोयना झोन ४ मध्ये; आकडा मोठा तितका धोका जास्त.

आता गंमत अशी की बैठ्या बंगल्याला भूकंपाच्या हिशेबात जमिनीने फारसा फरक पडत नाही. त्याचा कंपनकाल, म्हणजे एक झोका पुरा व्हायला लागणारा वेळ, ०.४ सेकंदाच्या आत असतो आणि तिथे भूकंपाचं बल काढायला संहिता कातळाला नि मऊ मातीला २.५ हाच गुणांक देते. दहा मजली, ३० मीटरच्या नुसत्या आरसीसी सांगाड्याचा कंपनकाल जवळपास एक सेकंद. तिथे मऊ जमिनीवर कातळाच्या १.६७ पट बल धरावं लागतं. २००१ च्या भूज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत इमारती कोसळल्या, त्यामागे खोल गाळाची जमीन होती आणि खाली नुसते खांब असलेलं पार्किंगही. ते पार्किंग कातळावरही तितकंच घातक.

बंगल्याला खरा त्रास भूकंपाविनाच होतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरक्या भेगा जातात. दीड-दोन मीटरवर मुरूम लागला तर पाया तिथवर न्या. नाही लागला तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले, खालच्या बाजूला बल्बसारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, किमान साडेतीन मीटर खोल, आणि जोत्याच्या तुळईखाली (प्लिंथ बीम) ८० मिमी मोकळी जागा, म्हणजे फुगलेली माती बीम वर उचलणार नाही. खणलेली काळी माती परत चरात ढकलणं ही नेहमीची चूक. भराव मुरुमाचाच, पाणी मारून थराथराने ठोकलेला.

कातळात पाया उथळ चालतो, पण कातळ फोडणाऱ्या ब्रेकर मशीनचं भाडं तासावर चढतं. अखंड कातळात शोषखड्डा पाणी पीत नाही. उतार असेल तर कातळात पायऱ्या फोडून फुटिंग (पायाचा तळ) सपाट बसवा. दोन लाव्हाथरांमधला तांबडा मातकट पट्टा दिसला तर त्यावर पाया ठेवू नका. पाणी लागलं की तो मऊ पडतो.

कातळ की माती यापेक्षा अर्धा कातळ नि अर्धा भराव असलेला प्लॉट सगळ्यात वाईट. एक बाजू बसते, दुसरी हलत नाही. असा प्लॉट स्वस्तात मिळाला तरी आम्ही नाहीच म्हणू. म्हणून टोकन देण्याआधी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खड्डे घ्या. माती निघाली तर फ्री स्वेल चाचणी करा; पाण्यात माती किती फुगते ते तिच्यात कळतं. आकडा ५० टक्क्यांच्या वर असेल तर पाइलचा खर्च धरूनच भाव बोला.