चिपवालं मांजराचं भांडं: तीन मांजरं, तीन पथ्यं, एक पावसाळा

आधी मार्क सांगते, पाचापैकी चार. पाचवा का कापला ते पुढे येईलच. मे महिन्यात घेतलं आणि अख्खा पावसाळा यावर काढला, म्हणून आता लिहितेय. आमच्याकडे पावसाळा काढल्याशिवाय कुठल्याच वस्तूबद्दल बोलायचं नसतं, मिक्सर असो नाहीतर मोबाईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भांडं म्हणजे काय तर एक ट्रे, त्यावर सरकतं झाकण आणि वर एक कमान. मांजराच्या दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घातलेली असते. मांजराने कमानीखाली डोकं घातलं की भांडं ती चिप वाचतं, ओळखीची असेल तर झाकण सरकतं, मांजर बाजूला झालं की काही सेकंदांनी परत बंद. दुसरं कोणी आलं तर झाकण ढिम्म हलत नाही. सेलवर चालतं त्यामुळे लाईट गेली तरी काही अडत नाही, आणि आमच्याकडे जुलैमध्ये लाईट असते कमी आणि जाते जास्त. कुरिअर धरून मला १७ हजारांच्या आसपास पडलं. महाग आहेच, पण मी का घेतलं ते ऐका.

आमचं घर रत्नागिरीजवळ मालगुंडला, घरात मांजरं तीन. तायडी १३ वर्षांची, गेल्या वर्षी तिला किडनीचा आजार निघाला, रक्तात क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते ज्यावरून कळतं) २.६ आलं, डॉक्टर म्हणाले दुसरी स्टेज, आता आयुष्यभर किडनीचं खाणं, म्हणजे फॉस्फरस कमी आणि प्रोटीन बेताचं. बंड्या आमचा बोका, ६ वर्षांचा, वजन मे महिन्यात ६.४ किलो, त्याची फेब्रुवारीत लघवी अडली होती, म्हणून त्याला लघवीच्या त्रासाचं वेगळं खाणं. आणि चिंगी, जानेवारीत कोणीतरी आमच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, आणून ठेवलेलं पिल्लू, हातावर मावत होती, तिला वाढीचं म्हणजे भरपूर प्रोटीनचं खाणं. 

बंड्याचं थांबून सांगते कारण बोका पाळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला पाहिजे. त्या दिवशी तो सारखा मागीलदारी मातीत जाऊन बसत होता, बसायचा, कण्हायचा, थेंब नाही. आम्हाला आधी वाटलं बद्धकोष्ठ झालं. रात्री उलटी केली आणि पोटाला हात लावू देईना तेव्हा तसेच उठलो आणि आरे-वारे रस्त्याने रत्नागिरी गाठली. बोक्याचा लघवीचा मार्ग अरुंद असतो, त्यात खडे-चिकटा अडकला आणि मूत्राशय तटतटून भरलं तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. नळी घालून मोकळं केलं, तीन दिवस सलाईनवर होता. तुमचा बोका सारखा बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, प्लीज.

तर आता तीन मांजरं आणि तीन खाणी, आणि एकाचं दुसऱ्याला चालत नाही. बंड्याचं लघवीचं खाणं असं की मांजराने पाणी जास्त प्यावं म्हणून त्यातल्या काही प्रकारांत मीठ जास्त असतं, ते तायडीच्या किडनीला नको. तायडीचं किडनीचं खाणं चिंगीने पोटभर खाल्लं तर तिच्या वाढीला प्रोटीन पुरणार नाही. आणि चिंगीचं खाणं तर तिघांनाही हवं, कारण वासाला ते सगळ्यात भारी. बंड्याने ते खाल्लं की वजन वाढणार, तायडीने खाल्लं की फॉस्फरस. भांडं येईपर्यंत मी दोन वेळा खुर्ची टाकून मध्ये बसायची, एक पाय बंड्याच्या आडवा आणि हातात चिंगी. घरात कोणी आजारी असलं, पाहुणे असले की हे कोण करणार?

भांडं आलं. मी जे केलं ते बहुतेक सगळेच करत असणार. आजारी मांजर कोण, तायडी, म्हणून तायडीला चिप घालून घेतली आणि तिचं किडनीचं खाणं भांड्यात बंद केलं. सवय लावायला एक सोय दिलीय, पहिले काही दिवस झाकण उघडंच ठेवायचं, मग थोडं थोडं हलवायचं, ते सगळं नीट केलं. पण तायडी मोटरच्या आवाजाला घाबरायची. फार मोठा आवाज नाही, कर्र एवढाच, पण १३ वर्षं पितळेच्या वाटीत जेवलेल्या मांजरीला तो चालेना. डोकं घालायची, कर्र झालं की मागे उडी, आणि सरळ जाऊन चिंगीच्या वाटीत तोंड. जूनच्या शेवटी वजन केलं तर २.९ वरून २.७. एवढीशी मांजर, त्यात २०० ग्रॅम गेलेले. मला रडायलाच आलं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलं हे सांगितलं की किडनीच्या मांजराने चुकीचं खाणं परवडलं पण उपाशी राहणं नाही, मांजर दोन-तीन दिवस खाईनासं झालं तर लिव्हरवर चरबी चढते, जाड मांजराच्या बाबतीत तर जास्तच. आणि मग विचारलं, तुमच्या घरात कोणाचं खाणं इतरांना सगळ्यात जास्त बाधतं? मी म्हटलं चिंगीचं. म्हणाले मग ते भांड्यात बंद करा की.

इतकं साधं होतं. कुलूप आजारी मांजराच्या खाण्याला नाही लावायचं, जे खाणं चोरलं जातं आणि चोरणाऱ्याला बाधतं त्याला लावायचं. त्याच दिवशी भांडं चिंगीच्या नावावर केलं आणि तायडीला तिची पितळी वाटी परत दिली, कोठीच्या खोलीत, दार लोटून, दिवसातून चार वेळा थोडं थोडं, पाऊच जरा कोमट करून. बंड्याचं खाणं पडवीत, डॉक्टरांनी काढून दिल्याप्रमाणे दिवसाला ५५ ग्रॅम, स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर मोजून, दोन वाटण्या, पाण्यात भिजवून. तो दोन मिनिटांत संपवतो, वाटी उचलायची, विषय संपला. चिंगी एकटीच अशी आहे की थोडं खाते, खेळायला जाते, परत येते, तिचंच खाणं दिवसभर पडून असायचं आणि सगळा घोळ तिथून होता.

चिंगीला मोटरचं काहीच वाटलं नाही, दोन दिवसांत शिकली. डोकं घालते, दिवा लागतो, झाकण सरकताना कान मागे घेऊन थांबते आणि मग खाते. सुरुवातीला तिला चिप नव्हती, बॉक्समध्ये कॉलरला लावायचा टॅग येतो तो लावलेला. एक दिवस बघते तर ही भांड्यापुढे बसलीय, झाकण बंद, गळ्यात कॉलर नाही. ओढ बसली की सुटणारी कॉलर होती, तशीच घ्यावी, नाहीतर फांदीत अडकून फास बसतो. तीन दिवसांनी कॉलर रातांब्याच्या झाडाखाली सापडली. मग तिलाही चिपच घालून घेतली. शेजारच्या काकींना वाटलं चिपमुळे मांजर कुठे गेलंय ते मोबाईलवर दिसतं, तसं काही नाही हो, तिच्यात सेलपण नसतो, फक्त १५ आकडी नंबर असतो, रीडर जवळ आणला की तेवढा कळतो.

आता पाचवा मार्क. भांडं मागून उघडं आहे. चिंगी पुढून खात असताना झाकण उघडंच असतं, आणि बंड्याला हे कळायला चार दिवस लागले. तो मागच्या बाजूने पंजा घालायचा आणि दाणे ओढायचा. कस्टमर केअरला विचारलं तर मागचं कव्हर वेगळं विकत घ्यायचं म्हणे. एवढे पैसे घेऊन ते बॉक्समध्ये का देत नाहीत? एकच मांजर असलेला माणूस हे भांडं कशाला घेईल? मला याचा खरंच राग आला. शेवटी आमच्या ह्यांनी हापूसची रिकामी लाकडी पेटी घेतली, एका अंगाच्या पट्ट्या काढल्या आणि भांडं आत सरकवून भिंतीला लावलं. आता चिंगीचं अर्धं अंग पेटीत जातं आणि तिच्या बाजूने दुसऱ्याला शिरायला जागाच उरत नाही. पट्ट्यांचे खिळे मात्र नीट ठोकून घ्या, आमच्या पेटीचा एक वर आलेला आणि चिंगीच्या पाठीचे केस त्यात अडकलेले.

दुसरी गोष्ट मुंग्या. झाकणाला रबर आहे, त्यामुळे खाणं सादळत नाही, हा मोठा गुण. वाटीत ठेवलेले दाणे जुलैत दोन तासांत मऊ पडायचे, यात रात्रीचे सकाळी कुरकुरीत राहतात. पण मुंग्यांना ते रबर पुरत नाही. पहिल्या पावसालाच ट्रे काळाभोर झालेला, ७० ग्रॅम खाणं फेकलं. मग आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जुना चौरंग काढला, त्याच्या चार पायांखाली चार करवंट्या, करवंट्यांत पाणी, त्यावर पेटी आणि पेटीत भांडं. गुळाच्या डब्याला करतात तसंच. त्यानंतर मुंगी नाही. पाणी रोज बदलायचं, नाहीतर डास होतात. आणि वाटेल तेव्हा तायडी त्या करवंट्यांतलंच पाणी पिते, तिच्यासाठी ठेवलेल्या भांड्याकडे बघतही नाही. पिऊ दे, किडनीच्या मांजराने पाणी कुठूनही प्यावं.

आईंचं नाव निघालं म्हणून सांगते, कारण भांडं कितीही चांगलं असलं तरी घरातल्या माणसांना ते कुलूप लावत नाही. आमच्याकडे मासळी साफ करायला बसलं की बांगड्याचं डोकं मांजराला, हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. मी नको म्हटलं की आई म्हणायच्या, "अगो, मुक्या जिवाच्या तोंडचा घास काढू नये." मी भांडले नाही. त्यांना तायडीचा रिपोर्ट दाखवला, आणि सांगितलं की माशात, त्यातून काट्यात, फॉस्फरस खूप असतो. काही कच्च्या माशांत असं काही असतं की मांजराच्या अंगातलं बी वन जीवनसत्त्व मोडतं, तेव्हा कच्चं कोणालाच नको. कांदा-लसणाचं कालवण तर मांजराला विषच. आणि जून-जुलैत मोठ्या होड्या बंद, ताजी मासळी मिळेना की सुकटाचा डबा उघडतो, त्यातलं मीठ तायडीला आणि बंड्याला दोघांनाही नको. त्या ऐकून घेऊन गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्ही वाट्यांना दोरे बांधलेले, तायडीच्या लाल, बंड्याच्या हिरवा, आणि मला म्हणाल्या, "मला नावं लक्षात राहत नाहीत तुझ्या पाकिटांची, रंग राहतील." आता बांगड्याचा मीठ-हळद न घातलेला, काटा काढलेला उकडलेला तुकडा, बोटाच्या पेराएवढा, रविवारी, बंड्याला आणि चिंगीला. तायडीला त्याच माशाचं पाणी चमचाभर तिच्या खाण्यावर, ते डॉक्टरांना विचारून. त्या चमचाभर पाण्याने ती वाटी चाटूनपुसून खाते.

सेलबद्दल. सी साईझचे चार लागतात, मोठ्या टॉर्चला लागतात त्याहून लहान आणि रिमोटच्याहून मोठे, मालगुंडात नाही मिळाले, ऑनलाईनच मागवा आणि एक सेट घरात ठेवा. सहा महिने चालतील असं लिहिलंय, माझे चार महिन्यांत संपले, पण चिंगी दिवसातून वीस वेळा डोकं घालते तेही आहे. सेल संपत आले की दिवा लागतो, तो लाल दिवा दिसल्यावर दोन दिवसांत बदला. ट्रे धुवायला सोपा, रोज धुते. कमानीच्या आतल्या खाचेत माशाच्या वासाचा थर बसतो तो दातांच्या जुन्या ब्रशने काढावा लागतो.

घ्यावं का? ज्यांची सगळी मांजरं ठरल्या वेळी जेवतात आणि वाटी संपवूनच उठतात त्यांनी नका घेऊ, दोन खोल्या आणि एक वजनकाटा पुरतो, काटा तर सगळ्यांनीच आधी घ्या. एखादं मांजर दिवसभर थोडं थोडं खाणारं असेल आणि बाकीच्यांना पथ्य असेल तर घ्या, आणि घ्यायच्या आधी कागदावर लिहून काढा कोणाचं खाणं कोणाला बाधतं, मी ते केलं असतं तर तायडीचा जून वाया गेला नसता. पथ्याचं खाणं डॉक्टरांना न विचारता चालू करू नका आणि एकदम बदलू नका, आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत न्या, म्हाताऱ्या मांजराला त्याहून जास्त लागतात.

बंड्या आता ५.८ वर आलाय, तायडी परवा ३.१ भरली. चिंगी जानेवारीत वर्षाची होईल, तिचं पिल्लाचं खाणं बंद होईल, तेव्हा तिला आणि बंड्याला एकच खाणं चालेल का ते डॉक्टर तिला तपासून सांगणार आहेत. चाललं तर एकाच भांड्यात दोघांच्या चिपा नोंदवता येतात, दुसरं भांडं घ्यायला लागणार नाही.