प्रेशर वॉशरची गळती शोधून देणारे इतवारीतील दुकान

प्रेशर वॉशरमधून, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने धुण्याच्या मशीनमधून, पाणी गळू लागले की मशीन न तपासताच "पंप गेला" असे सांगून मोकळे होणारे दुरुस्तीवाले नागपुरात भेटतात. त्यामुळे इतवारीच्या बाजारातील एका छोट्या दुकानात ज्या शांतपणे गळतीचा माग काढला गेला, तो मला फार मोलाचा वाटला.

तेथील कारागिराने मशीन उघडण्याची घाई केली नाही. त्यांनी ते आधी कोरडे पुसले आणि मोटर बंद ठेवून फक्त नळ सोडला. एवढ्यावरच पाणी टपकले, तर दोष बहुधा नळाकडील कपलिंगच्या (जोडाच्या) वॉशरमध्ये, म्हणजे चकतीत, किंवा ओ-रिंगमध्ये, म्हणजे गोल रबरी कडीत, असतो. आमच्या मशीनची ती बाजू कोरडी राहिली. मग मोटर सुरू करून त्यांनी गनचा ट्रिगर दाबून सोडला. ट्रिगर सोडल्यावर मोटर आपोआप थांबण्याची सोय असलेल्या मशीनमध्ये ती मध्येच क्षणभर सुरू होत असेल, तर दाब कुठून तरी निसटतो आहे असे समजावे: होजच्या (पाइपच्या) जोडातून, गनच्या व्हॉल्व्हमधून किंवा पंपातील नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून (पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या झडपेतून). यातल्या शेवटच्या दोषात बाहेर थेंबही दिसत नाही, म्हणून ही खूण ठाऊक असणारा माणूस हवा.

आमची गळती गनजवळच्या जोडात निघाली. तेथील ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. ४५ अंशांवर जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात होज गच्चीवर पडून राहिला की रबराचे असे होणारच. कारागिराने वीज व नळ बंद करून, ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडला, खाचेत जमलेले क्षार साफ केले आणि त्याच मापाची नवी रिंग सिलिकॉन ग्रीस लावून बसवली. टेफ्लॉन टेपबद्दल विचारल्यावर, या जोडात पाणी आट्यांनी नव्हे तर रिंगने अडते, त्यामुळे टेपचा उपयोग नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितले. पंपाखालीही त्यांनी न सांगता पाहिले. पिस्टनचे सील झिजले तर पाणी तिथून टपकते आणि ते पंपातील तेलात शिरले तर तेल दुधाळ होते.

खर्च रिंगेचा आणि किरकोळ मजुरीचाच आला. एक गोष्ट मात्र मला गंभीरपणे खटकली. तेथील मदतनीस चालू मशीनच्या जोडावर बोट फिरवून गळती चाचपत होता. घरगुती मशीनचाही दाब सहज १०० बारच्या (हवेच्या दाबाच्या सुमारे शंभरपट) वर जातो आणि बारीक फटीतून सुटलेली धार कातडीत शिरू शकते. हे दुकानदाराने थांबवायलाच हवे. कमी खपाच्या मॉडेलचे पंप सील येथे मागवावे लागतात, त्यामुळे थांबण्याची तयारी ठेवावी. मशीनसोबत होज आणि गनही न्यावी, कारण ती घरी राहिली तर अर्धी तपासणी होतच नाही.