नागपुरात लीगल असिस्टंटचा तीन महिन्यांचा क्लास केला, माझा अनुभव

तीन महिने शनिवार-रविवार मोडून हा क्लास केला आणि तेव्हापासून चार-पाच जणींनी विचारलं की कसा आहे, लावावा का, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. क्लासचं नाव देत नाही कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि शिकवणारी माणसं चांगली आहेत, त्यांचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. धरमपेठच्या बाजूला आहे एवढं पुरे. पॅरालीगलचा, म्हणजे वकिलाच्या हाताखाली काम करणाऱ्या असिस्टंटचा, कुठलाही क्लास लावा, पण त्यात काय बघायचं ते यातून कळेल.

फी ९,५०० रुपये, दोन हप्त्यात घेतली. मी बी.कॉम., तीन वर्षं इतवारीत एका कापडाच्या दुकानात हिशोब बघत होते. कोर्टाशी माझा संबंध एवढाच की लहानपणी सुट्टीत बाबांसोबत तारखेला जायचे, शेताच्या धुऱ्याची केस होती. आम्ही बाहेर बाकावर बसायचो, पुकारा झाला की बाबा धावत आत जायचे आणि दोन मिनिटात बाहेर येऊन म्हणायचे, चाल, पुढची तारीख पडली. आत काय झालं हे त्यांनाही माहीत नसायचं. मग एक दिवस कळलं की केस संपली. कशी संपली, हरलो का काय, कोणीच नीट सांगितलं नाही.

तर क्लास. पहिले दोन रविवार एकदम पाया. दिवाणी म्हणजे काय, फौजदारी म्हणजे काय, वादी कोण, फिर्यादी कोण, आरोपी कोण. मॅडमनी एकच उदाहरण घेतलं, शेजाऱ्याने तुमची कंपाउंडची भिंत पाडली आणि तुम्हाला मारलं. भिंतीचा खर्च पाहिजे, जागेत येऊ नये असा मनाई हुकूम पाहिजे तर दिवाणी कोर्टात दावा, आणि मारलं त्याची शिक्षा पाहिजे तर पोलीस स्टेशन, तिथून केस चालवणार सरकार, तुम्ही फक्त साक्षीदार. एकाच भांडणाच्या दोन केसेस दोन कोर्टात दोन वेगवेगळ्या वेगाने चालू शकतात हे मला खरंच माहीत नव्हतं. मग कोर्टांची उतरंड, खाली दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश, फौजदारीत प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी आणि वर सत्र न्यायालय, त्याच्यावर हायकोर्टाचं आपलं नागपूर खंडपीठ. हे ठीक होतं, हे पुस्तकात पण मिळतं.

खरा क्लास चौथ्या आठवड्यात सुरू झाला. कोर्टाच्या ऑफिसातून रिटायर झालेले एक सर येतात, त्यांनी एका जुन्या निकाली दाव्याची अख्खी फाइल झेरॉक्स करून आणली होती, नावं-गावं काळ्या पेनाने खोडलेली, आणि चार-चार जणांच्या ग्रुपला एक-एक दिली. म्हणाले आज मी शिकवणार नाही, तुम्ही वाचा आणि मला सांगा काय झालं. आम्ही अर्धा तास नुसते पानं उलटत बसलो. मग त्यांनी निशाणी समजावली. फाइलीत जो कागद दाखल होतो त्याला नंबर पडतो, ती निशाणी. निशाणी १ म्हणजे दावाच. निशाणी ५ म्हणजे बहुतेक वेळा तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज, म्हणून वकील लोक एकमेकांना नुसतं विचारतात, पाचचं काय झालं. अर्जावर कोर्टाने लिहिलेलं असतं 'अदर साइड टू से', म्हणजे समोरच्याने आपलं म्हणणं द्यावं, आणि त्या उत्तरालाच सगळे 'से' म्हणतात. एखादी गोष्ट नुसती कोर्टाला लेखी कळवायची असली, जसं आम्हाला आणखी साक्षीदार द्यायचा नाही, तर त्याला पुरशीस. हे शब्द कळले नाही तर वकिलाच्या ऑफिसात पहिल्या दिवशी काही म्हणजे काही समजत नाही, हे मी आता अनुभवाने सांगते.

त्या एका फाइलीतून आम्ही पूर्ण दावा चाललो. दाव्याच्या शेवटी सत्यापन (मजकूर खरा असल्याचं लिहून देणं) आणि सही आहे का, सोबत कागदपत्रांची यादी आणि वकीलपत्र आहे का, कोर्ट फीचा हिशोब बरोबर आहे का, मग समन्स, बेलीफचा रिपोर्ट की बजावणी झाली की घर बंद होतं. समन्स बजावल्यापासून ३० दिवसात प्रतिवादीची लेखी कैफियत म्हणजे दाव्याला उत्तर, कोर्टाने मुदत दिली तर ९० दिवसांपर्यंत, आणि सबळ कारण असलं तर साध्या दाव्यात त्यापुढेही मुभा मिळू शकते. मग कोर्ट वादाचे मुद्दे काढतं, सरतपासणीचं म्हणजे आपल्या साक्षीदाराच्या जबाबाचं शपथपत्र, उलटतपास, युक्तिवाद, निकाल, आणि निकालावरून निघणारा हुकूमनामा. आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना वाटलं की झालं, संपलं. सर म्हणाले, जमिनीचा ताबा मिळाला का पण? नाही, त्यासाठी परत दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायचा अर्ज, टाकायची, आणि ताब्याच्या किंवा पैशाच्या हुकूमनाम्याची दरखास्त १२ वर्षांच्या आत टाकायची.

शेवटी रोजनामा वाचायला लावला. प्रत्येक तारखेला काय झालं त्याची त्यात नोंद असते, वादी हजर, प्रतिवादी गैरहजर, तहकुबीचा अर्ज, मंजूर. सर म्हणाले फाइल हातात आली की आधी रोजनामा वाचायचा, मग बाकीचं.

मी दुसऱ्या दिवशी बाबांना विचारलं की आपल्या केसचा नंबर आहे का. ट्रंकेत एक जुनी पावती निघाली त्यावर होता. नक्कल अर्ज टाकला आणि काही आठवड्यांनी रोजनाम्याची नक्कल हातात आली. शेवटच्या तारखेला लिहिलं होतं, प्रतिवादी हजर, वादी पुकारूनही गैरहजर, दावा काढून टाकण्यात येतो. म्हणजे आम्ही हरलोच नव्हतो, त्या दिवशी बाबा आजीच्या आजारपणात होते आणि कोर्टात आमच्या बाजूने कोणीच उभं नव्हतं. अशा वेळी दावा परत फाइलवर घेण्याचा अर्ज टाकता येतो, ३० दिवसांच्या आत, सबळ कारण दाखवून, आणि उशीर झाला तर उशीर माफीचा अर्ज जोडता येतो. हे कोणी एका वाक्यात सांगितलं असतं तर. मॅडमना दाखवलं तर त्यांनी खोटी आशा लावली नाही, म्हणाल्या इतक्या वर्षांनी उशीर माफ होणं फार अवघड आहे आणि प्रतिवादी हजर असताना तुमच्या गैरहजेरीत दावा निघाला की त्याच कारणासाठी नवा दावा टाकता येत नाही, तरी कागद घेऊन वकिलाला नीट भेटा. बाबांनी तो कागद चष्मा लावून तीनदा वाचला. मला म्हणाले, एवढंच होतं का वं.

त्या दिवसापासून मी एक पण लेक्चर बुडवलं नाही.

मुदतींचं लेक्चर पण जबरदस्त. पैशाच्या वसुलीचा दावा साधारण ३ वर्षात, मालकीवरून जमिनीच्या ताब्याचा १२ वर्षात, आणि मुदतीबाहेरच्या दाव्याला अर्ज-अपिलासारखी उशीर माफी मिळत नाही हे त्यांनी दोन-तीनदा लिहून घेतलं. मग चेक बाऊन्सचं गणित, कलम १३८. चेक न वटल्याची बँकेची खबर ४ मार्चला मिळाली तर नोटीस त्यापासून ३० दिवसात, म्हणजे ३ एप्रिलपर्यंत पाठवायची. समोरच्याला ती १० एप्रिलला मिळाली तर त्याला पैसे द्यायला १५ दिवस, २५ एप्रिलपर्यंत. नाही दिले तर २६ एप्रिलला तक्रारीचं कारण उभं राहतं आणि तिथून एक महिन्याच्या आत तक्रार. आमच्यातल्या निम्म्या लोकांनी १५ दिवस नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून मोजले, काहींनी चेकवरच्या तारखेपासून, सगळं चुकलं. मॅडम म्हणाल्या कॅलेंडर सांभाळणं हे तुमचं मुख्य काम राहील, आणि पोस्टाची पावती व पोचपावती फाइलीत लावल्याशिवाय घरी जायचं नाही.

कोर्ट व्हिजिट एकच, कामाच्या दिवशी, त्यामुळे मला सुट्टी टाकावी लागली. सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयात गेलो, बोर्ड म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी कशी वाचायची, फायलिंग कुठे, नक्कल विभाग कुठे, पुकारा कसा होतो ते बघितलं. कोर्टरूममध्ये मागे उभं राहायचं, मोबाइल नुसता सायलेंट नाही, बंदच ठेवायचा, जज उठले की उठायचं. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाकून केस कशी बघायची ते तिथेच करून घेतलं, आणि नंबर नसला तर पक्षकाराच्या नावाने शोधता येते हे पण. परत येताना हायकोर्टाची इमारत बाहेरून बघितली. १९३७ मध्ये पायाभरणी होऊन १९४० मध्ये उघडलेली वास्तू आहे, शाळेत असल्यापासून समोरून जातो पण विदर्भातले सगळे ११ जिल्हे तिथे येतात हे पहिल्यांदा डोक्यात बसलं.

आता तक्रारी. फौजदारीचं सगळं शेवटच्या तीन लेक्चरमध्ये कोंबलं. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, अटक केल्यावर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासात मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं, गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसात दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, हे सगळं धावत-धावत. यावर खरं तर एक महिना पाहिजे.

त्याहून वाईट म्हणजे नोट्स. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले, आणि छापील नोट्समध्ये अजून त्याआधीचे जुने कायदे, आयपीसी आणि सीआरपीसी. खून ३०२ चा १०३ झाला, ४२० ची फसवणूक ३१८ मध्ये गेली, अटकपूर्व जामीन ४३८ चा ४८२ झाला, हे सर तोंडी सांगायचे आणि आम्ही पेनाने समासात लिहायचो. जुनी कलमं पण यायलाच पाहिजेत कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनाच कायदा लागतो, तेव्हा दोन्ही शेजारी-शेजारी छापलेला एक तक्ता दिला असता तरी पुरलं असतं. ९,५०० रुपयात तेवढं व्हायला हवं होतं. मी फीडबॅकच्या फॉर्ममध्ये हेच लिहिलं.

ई-फायलिंग प्रत्यक्ष करून दाखवलं नाही, फक्त स्लाइड. मराठी टायपिंग तर अजिबातच नाही, आणि खालच्या कोर्टात अर्ध्याहून जास्त काम मराठीत असतं, पंचनामे, जबाब, सातबारा, फेरफार, मोजणीची क-प्रत. ज्यांना युनिकोड टायपिंग येत नाही त्यांनी क्लासच्या आधी घरी शिकून घ्या, सिरियसली. मला येत होतं म्हणूनच आताची नोकरी मिळाली असं मला वाटतं.

आणि जाहिरातीत लिहिलंय की 'कोर्टात करिअर करा', त्यामुळे माझ्या बॅचमधला एक मुलगा शेवटपर्यंत समजत होता की सर्टिफिकेट मिळालं की छोट्या केसेस चालवता येतील. नाही येत. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे वकिली फक्त नोंदणी झालेला वकीलच करू शकतो. पॅरालीगल वकिलाच्या हाताखाली मसुदा करतो, फाइल लावतो, तारखा सांभाळतो, पक्षकाराकडून कागद गोळा करतो. पक्षकाराला स्वतःच्या मनाने कायदेशीर सल्ला द्यायचा नाही, आणि ऑफिसात ऐकलेलं घरी बोलायचं नाही, वकिलावर जे गुपित राखायचं बंधन आहे ते त्याच्या क्लार्कवर पण आहे. मॅडमनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, पण जाहिरातीत पण खरं लिहायला पाहिजे, लोक उसने पैसे घेऊन फी भरतात.

ज्यांना नोकरीपेक्षा लोकांना मदत करायची आहे त्यांनी पैसे भरायच्या आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन विचारा. पॅरालीगल व्हॉलंटियर म्हणजे विधी स्वयंसेवक नेमतात, त्यांना ट्रेनिंग तिकडूनच मिळतं आणि कामाच्या दिवसाचं मानधन. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाई असेल, लहान मूल असेल, एससी-एसटी असेल, अपंग असेल, कोठडीत असेल तर उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, हे आपल्याकडे किती बायांना माहीत आहे? हेल्पलाइन १५१०० आहे. लोकअदालतीत मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नसतं. आमच्या क्लासमध्ये यावर फक्त एक तास होता पण घरी येऊन मी सगळ्यात जास्त लोकांना सांगितलं ते हेच, शेजारच्या मावशींना त्यातूनच खावटीच्या (पोटगीच्या) केससाठी वकील मिळाला.

मी आता सिव्हिल लाइन्समध्ये एका वकील मॅडमकडे चार महिने झाले काम करते. पगार इतवारीपेक्षा थोडा कमीच आहे, हे पण सांगून ठेवते, सुरुवातीला असंच असतं म्हणतात. सकाळी बोर्ड बघते, संध्याकाळी पुढच्या तारखा डायरीत आणि ॲपवर दोन्हीकडे तपासते, आणि तारखेच्या आदल्या दिवशी प्रत्येक पक्षकाराला फोन करते. ऑफिसात तो नियम नव्हता, मी सुरू केला. एक काकाजी भंडाऱ्याहून येतात, त्यांना मागची तारीख संपल्यावर मी रोजनाम्यात काय लिहिलं ते वाचून दाखवलं तर म्हणाले, इतक्या वर्षात पहिल्यांदा समजलं पोरी.

क्लास लावायचा असेल तर फी भरायच्या आधी एक लेक्चर फुकट बसू देतात, ते फाइलवालं लेक्चर कधी आहे ते विचारून त्याच दिवशी बसा, आणि नोट्स नव्या कायद्याच्या झाल्या का ते हातात घेऊन बघा. नसतील झाल्या तर फी कमी करायला सांगा, माझ्या नंतरच्या बॅचला ५०० कमी केले होते.