पहिलं नॉक्टर्न: फील्डचं घ्यावं की शोपँचं?

पियानोवर चार-पाच वर्षं काढून पहिलं नॉक्टर्न, म्हणजे रात्रीच्या शांत भावाची पियानोची छोटी रचना, हाती घ्यायच्या बेतात असाल, तर बहुतेक शिक्षक शोपँचंच काढून देतात, ऑपस ९ मधलं दुसरं (ऑपस म्हणजे छापील रचनेचा किंवा संचाचा क्रमांक). मलाही तेच मिळालं. आठ महिने त्यावर बसलो आणि मग ते बाजूला ठेवून शोपँच्या आधीच्या पिढीतल्या जॉन फील्ड या रचनाकाराकडे वळलो.

फील्डचं पहिलं नॉक्टर्नही ई फ्लॅट मेजरमध्येच आहे, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. डाव्या हातात खालचा स्वर, त्यावर सुटी केलेली कॉर्ड (एकत्र जुळणारे स्वर, एकामागून एक वाजवलेले), पेडलने ती तरंगती ठेवायची आणि उजव्या हाताने गायचं. नॉक्टर्नचा हा साचा फील्डचा. डब्लिनचा हा मुलगा लंडनमध्ये पियानो बनवून विकणाऱ्या संगीतकार क्लेमेंतीकडे शिकला, आणि क्लेमेंतीचे पियानो गिऱ्हाइकांना वाजवून दाखवायचं कामही त्याच्याकडेच असे. १८०२ मध्ये गुरूबरोबर युरोपच्या दौऱ्यावर निघाला, सेंट पीटर्सबर्गला पोचला आणि रशियातच रमला. त्याची पहिली नॉक्टर्न्स १८१२ मध्ये छापली गेली, तेव्हा शोपँ दोन वर्षांचा होता. पियानो विकला जावा म्हणून वर्षानुवर्षं तो वाजवत बसलेल्या माणसाला पेडलमधली ही जागा सापडावी, हे मला अगदी पटतं.

१८३१ मध्ये शोपँ पॅरिसला आला तेव्हा तिथला नावाजलेला पियानोवादक काल्कब्रेनर याने त्याला विचारलं होतं, तू फील्डचा शिष्य आहेस का? टच तसाच वाटला म्हणून.

रचनाकार म्हणून शोपँ मोठा, यात वाद नाही. ऑपस ४८ मधलं सी मायनर ऐका. मधला प्रार्थनेसारखा भाग संपून पहिली धून परत येते ती अशी खवळलेली, की फील्डमध्ये तसं काही शोधूच नये. फील्डचा डावा हात पहिल्या ओळीत जे करतो तेच बहुधा शेवटपर्यंत करतो. केवळ ऐकायचं असेल तर शोपँच घ्या.

माझी अडचण वाजवताना झाली. ऑपस ९ मधलं ते दुसरं नॉक्टर्न माझ्या कानात कॉलेजपासून आहे, एकाच रेकॉर्डिंगमधलं. वरच्या स्वरावर जाण्याआधी ते वादक किंचित थांबतात. एकदा मी माझं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं, तर मीही तिथेच थांबत होतो, तेवढाच. मेट्रोनोम (ठेका धरून देणारं यंत्र) लावून दोन आठवडे तो थांबा मोडला. मेट्रोनोम बंद केला आणि तो परत आला. भीमसेनजींच्या आवाजात कानात बसलेला अभंग आपण म्हणायला गेलो की त्यांच्याच जागा गळ्यात येऊ पाहतात, तसंच हे. शिक्षकांना वाजवणं आवडत होतं, पण त्यातलं माझं किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. इतरांना याचा त्रास होत नसेलही. मला मात्र तो रोज व्हायचा.

फील्डचं पाचवं, बी फ्लॅट मेजरमधलं, मी आधी कधी ऐकलंच नव्हतं. कागदावरून सरळ बोटांत आलं. कुठे श्वास घ्यायचा, कुठली ओळ हलकी सोडायची, हे मलाच ठरवावं लागलं आणि पहिले काही दिवस ते चाचपडत, वाईट वाजलं. पण महिन्याभरात ते माझ्या हाताचं झालं. एक सांगून ठेवतो: फील्डच्या नॉक्टर्न्सचे क्रमांक सगळ्या आवृत्त्यांमध्ये जुळत नाहीत, तेव्हा पुस्तक घेताना स्केल तपासा.

शोपँची नक्षी पूर्ण लिहिलेली असते. त्याच्या ऑपस ९ मधल्या पहिल्या नॉक्टर्नमध्ये डाव्या हाताच्या संथ ठेक्यावर उजव्या हाताला अकरा, वीस, बावीस स्वरांचे झुबके आहेत, एकेक स्वर नेमलेला. फील्डने मोकळी जागा अधिक ठेवली आहे. शोपँचा शिष्य मिकुली सांगतो की, फील्डची नॉक्टर्न्स वाजवणं शोपँला फार आवडे आणि वाजवताना तो त्यांत आयत्या वेळी सुचलेली नक्षी भरत असे. हे वाचल्यापासून पाचव्यातली धून दुसऱ्यांदा येते तेव्हा मीही दोन-चार स्वर माझे घालतो. काल घातले ते आज आठवत नाहीत, म्हणून आज दुसरे.