जुन्या मोटारीचे मूळ स्विच: दुरुस्तीनंतर सात-आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या जुन्या मोटारीचे हेडलाइट, वायपर आणि हीटरच्या पंख्याचे मूळ स्विच मी बदलले नाहीत. ते उघडून, साफ करून पुन्हा बसवले. त्याला आता सात-आठ महिने झाले असून या काळात गाडी कडक उन्हात, भर पावसात आणि रात्रीच्या लांब प्रवासांतही वापरली आहे. हेडलाइट आणि वायपरच्या स्विचबाबत मी पूर्ण समाधानी आहे. पंख्याच्या स्विचबाबत तसे म्हणता येत नाही.

दुरुस्तीपूर्वी हेडलाइट पिवळट पडत आणि स्विचची कळ हाताला गरम लागे. अशा वेळी अनेकजण स्विच गाडीतून काढून मल्टिमीटरवर त्याचा रोध मोजतात आणि आकडा शून्याजवळ दिसला की स्विच चांगला ठरवतात. ही तपासणी फसवी आहे, कारण मीटर अगदी थोडा प्रवाह सोडतो, तर ५५ वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे ९ अँपियर प्रवाह ओढतात. एवढ्या प्रवाहावर ०.२ ओहमचा किरकोळ रोधही सुमारे १.८ व्होल्ट खातो आणि त्याची जवळजवळ १६ वॅट उष्णता स्विचच्या छोट्याशा कवचात साठत राहते. म्हणून दिवे चालू ठेवून स्विचच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. माझ्या स्विचवर ते दीड व्होल्टच्या वर होते, साफसफाईनंतर ०.१ च्या खाली आले. बल्बला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतो, हे लक्षात घेतले की या दीड व्होल्टचे मोल कळते.

बॅटरीची तार सोडल्याशिवाय या कामाला हात लावू नये. जुन्या स्विचचे पत्र्याचे कवच बहुधा दुमडलेल्या कानांनी बंद केलेले असते आणि हे कान दोन-तीनदा वाकवले की तुटतात, म्हणून एकदा उघडल्यावर आतले सर्व काम पुरे करूनच ते मिटावेत. कवच पारदर्शक पिशवीत धरून उघडले, तर आतील स्प्रिंग आणि छर्रा उडून हरवत नाहीत. माझ्या हेडलाइटच्या स्विचमध्ये मूळ ग्रीस वाळून तपकिरी मेणासारखे झाले होते, पितळी पट्टीवर हिरवट थर होता आणि संपर्क तुटताना ठिणगी पडते तिथे काळा खड्डा पडला होता. ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढले आणि पितळ अगदी बारीक पॉलिश पेपरने घासले. संपर्कबिंदूवर चांदीचा मुलामा असेल तर मात्र कागद लावू नये. तो थर पातळ असतो आणि एकदा गेला की परत येत नाही. तापून मऊ पडलेली स्प्रिंग बदलावीच लागते, कारण दाब नसेल तर चकचकीत संपर्कही पुन्हा जळतो.

तरीही खरा फरक पडला तो रिलेमुळे, म्हणजे थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचमुळे. अप्पर आणि डिपरसाठी एकेक रिले बसवल्यापासून दिव्यांचा प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमार्गे रिलेच्या ३० आणि ८७ या टोकांतून जातो, आणि स्विचवर ८५-८६ मधील कॉइलचा जेमतेम ०.२ अँपियर भार उरतो. कळ आता मुळीच तापत नाही. मूळ वायरिंग न कापता हे सारे जोडता येते, ही मला विशेष महत्त्वाची बाब वाटते. ज्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, तिथे आत डायोड असलेला रिले उलटा जोडला जाणार नाही याची काळजी घ्यावी. साध्या कॉइलला दिशेचे बंधन नसते.

वायपरच्या स्विचविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. साफ केला आणि चालला. त्याच्याऐवजी बाजारातून आणून पाहिलेल्या नव्या स्विचचे संपर्क पातळ होते आणि खटकाही मूळ स्विचसारखा ठाम नव्हता, म्हणून तो मी बसवला नाही.

पंख्याच्या स्विचवरचे व्होल्टेज मात्र दुरुस्तीनंतर ०.१ होते, ते आता ०.३ पर्यंत चढले आहे. पंख्याची मोटर बंद करताना दिव्यांपेक्षा मोठी ठिणगी पडते आणि घासून काढलेला खड्डा पुन्हा खोल होतो, हे त्यामागचे कारण दिसते. या स्विचच्या जलद वेगाच्या जोडणीलाही आता रिले लावणार आहे; तोवर पंखा मी मंद वेगावरच चालवतो.