‘इंजिन बसलंय’ म्हणाला आणि इंजिनच घेऊन गेला

सिंहगड रस्त्याला धायरीच्या पुढे आमचं लग्नाचं लॉन आहे. सव्वा एकर. त्या पट्ट्यातल्या थोरामोठ्यांपुढे आमचं म्हणजे अंगणच, पण एवढी हिरवळ हाताने ढकलायच्या मशीनने कापायची तर माळीमामांचे पुरते दोन दिवस जातात. म्हणून २०१९ मध्ये बसून चालवायचं मशीन घेतलं, पावणेतीन लाखांना. मामा त्याला ‘छोटा ट्रॅक्टर’ म्हणतात आणि त्यावर बसताना आठवणीने टोपी घालतात.

पावसाळ्यात हे मशीन आम्ही बाहेर काढत नाही. जमीन फुगलेली असते, चाकं रुततात आणि हिरवळीत पडलेल्या चाकोऱ्या दिवाळीपर्यंत बुजत नाहीत. चातुर्मासात लग्नंही नसतात. जूनमध्ये शेडमध्ये लावलेलं मशीन एकदम नवरात्रात निघतं, मधे मामा ब्रशकटरने वेळ मारून नेतात. गेल्या नवरात्रात काढलं तर सुरू होईना. स्टार्टर व्यवस्थित फिरत होता. चोक ओढला की इंजिन दोन सेकंद स्टार्ट घ्यायचं आणि भुर्र करून बंद पडायचं. पुन्हा तेच. ती दोन सेकंदं तेव्हा मी ऐकली, पण समजून घेतली नाहीत.

या मशीनचे मेकॅनिक पुण्यात पायलीला पन्नास नाहीत. आमच्या केटररने एकाचा नंबर दिला. माणूस अ‍ॅक्टिवावरून आला, डिकीत नीट लावलेली हत्यारं, बोलणं मऊ. ‘शेठ, आधी तपासू, मग बोलू’ म्हणाला तेव्हाच मी निम्मा गार झालो. त्याने प्लग काढला, सिलिंडरमधला दाब मोजणारा कंप्रेशन गेज लावला, मला चावी फिरवायला सांगितली. काटा ६५ वर थांबला.

‘किती पाहिजे, शेठ?’ त्याने मलाच विचारलं.

आता, मी तरुणपणी येझदी स्वतः उघडलेली. दुचाकीच्या इंजिनांचे आकडे डोक्यात. ‘सव्वाशेच्या वर तरी हवं,’ मी ऐटीत म्हणालो. तो काही बोलला नाही, नुसता गेज माझ्यापुढे धरला. ‘इंजिन बसलंय’ हे त्याने त्यानंतर म्हटलं, पण निकाल माझ्याच तोंडून आधी निघाला होता.

पिस्टन, रिंग, बोअर, व्हॉल्व्ह, गॅस्केट मिळून ४२,००० रुपये. मशीन वर्कशॉपला न्यावं लागेल. २०,००० आगाऊ. पक्कं बिल हवं असेल तर १८ टक्के जीएसटी वर. मी साडेसात हजार वाचवायला कच्च्यावर राजी झालो, म्हणजे माझ्याही ताटात शेण आहे, ते झाकत नाही. छोटा हत्ती आला, मशीन चढलं, गेलं. वर्कशॉप ‘कात्रजच्या पुढे’ एवढंच मला ठाऊक होतं. कागदावर कुणाचीच सही नव्हती.

एकोणीस दिवस लागले. मधे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे: उघडलेलं सिलिंडर, काळा पिस्टन, कुणाचे तरी ग्रीसने माखलेले हात. मशीन आलं ते इंजिनाला काळा रंग मारून. पहिल्या चावीत सुरू. जुने पार्ट त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्वतःहून माझ्या हातात दिले. जुने पार्ट परत देणारा मेकॅनिक म्हणजे हरिश्चंद्राचा अवतार, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मी उरलेले २२,००० जागेवर पाठवले आणि वर मामांकरवी चहा सांगितला.

तुळशीचं लग्न झालं, मुहूर्त सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात मशीन निळा धूर सोडायला लागलं, तेल खायला लागलं. त्याला फोन केला तर ‘नवीन रिंग बसायला वेळ लागतो, शेठ, चालवत राहा.’ चालवत राहिलो. एअर फिल्टर मागवायचा म्हणून इंजिनाचा नंबर बघायला गेलो आणि तिथे माझा घसा कोरडा पडला.

आमचं इंजिन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं. त्यांच्या इंजिनावर तीन आकडे ठोकलेले असतात: मॉडेल, टाइप आणि कोड. पार्ट मागवताना पहिले दोन लागतात, म्हणून कोडकडे कुणी बघत नाही. पण कोड म्हणजे इंजिनाची जन्मतारीख: पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, मग दिवस. दोन वर्षांपूर्वी असाच फिल्टर मागवताना मी त्या नंबरचा फोटो काढला होता. फोटोतला कोड १८ ने सुरू होत होता. समोरच्या इंजिनावरचा ११ ने. मॉडेलचे आकडे जवळपास सारखेच, म्हणून दिसायला फरक नाही. त्याने आमचं इंजिन दुरुस्त केलं नव्हतं. ते ठेवून घेतलं होतं आणि आमच्यापेक्षा सात वर्षं जुनं, दमलेलं इंजिन रंगवून आमच्या मशीनवर चढवलं होतं. मग बॅटरी पाहिली. तीही आमची नव्हती.

आमच्या सोसायटीत एक काका राहतात, खडकीच्या आर्मी वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना आणलं. त्यांनी पिशवीतला पिस्टन काढून व्हर्नियर लावला. मॅन्युअलमध्ये बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतला व्यास, ९० मिलिमीटरचा, हा पिस्टन ७० चासुद्धा भरेना. ‘हा रिक्षाचा असेल,’ म्हणाले. मग मला नवरात्रातली सगळी कथा पुन्हा सांगायला लावली. दोन सेकंदांशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

‘चोकवर स्टार्ट घेत होतं ना? मग कंप्रेशन होतं, ठिणगी होती. इंजिन मेलेलं असतं तर दोन सेकंदसुद्धा बोललं नसतं. कार्ब्युरेटरची वाटी उघडली होतीस?’

नव्हती. एका बोल्टची, पेट्रोल साठणारी वाटी.

‘पण काका, गेज ६५ दाखवत होता.’

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला येझदीने कधी शिकवलं नव्हतं. एवढं मोठं एकाच सिलिंडरचं इंजिन छोट्या बॅटरीने फिरवायचं तर पूर्ण दाब स्टार्टरला झेपत नाही. म्हणून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर एक छोटी सोय असते. इंजिन हळू फिरत असताना ती एक व्हॉल्व्ह किंचित उघडा धरते, थोडा दाब सुटून जातो. इंजिनाने वेग घेतला की वजनं बाहेर फेकली जातात आणि सोय आपोआप बाजूला होते. म्हणजे स्टार्टरवर फिरवून गेज लावला तर चांगल्या इंजिनातही आकडा कमीच येणार. खरी तपासणी करायची तर पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचं. हेडच्या सांध्यातून आली तर गॅस्केट, सायलेन्सरमधून आली तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या भोकातून आली तर रिंग. गेजचं नाटक त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला अर्धवट माहिती असली की ते जास्त चांगलं वठतं.

मूळ दुखणं काय होतं ते शेडमध्येच सापडलं. जूनमध्ये भरलेला पेट्रोलचा कॅन तसाच पडून होता, झाकण अर्धवट लावलेलं, वर पत्र्याची गळती. काकांनी त्यातलं पेट्रोल रिकाम्या काचेच्या बाटलीत ओतलं आणि खिडकीत ठेवलं. तासाभरात दोन थर: वर पेट्रोल, खाली गढूळ पाणीदार काहीतरी. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की त्याच्यासकट तळाला बसतं. या इंजिनाच्या पुस्तकात तर १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलंय. चार महिने टाकीत आणि वाटीत राहिलेल्या त्या पेट्रोलचा राप कार्ब्युरेटरमधल्या जेटच्या केसाएवढ्या भोकात बसला असणार. टाकी रिकामी करून, जेट साफ करून, ताजं पेट्रोल घालणं, खर्च पाच-सहाशे. मी बेचाळीस हजार आणि एक इंजिन दिलं.

त्या माणसाचा फोन डिसेंबरात बंद झाला. चौकीत अर्ज दिला. हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मशीन त्याच्याकडे होतं याचा कागद?’ यूपीआयच्या दोन नोंदी आणि ते फोटो जोडले. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ कलम आहे, विश्वासघाताला ३१६, हे धाकट्या भावाने शोधून काढलं. अर्जाची पोच सोडून हाती अजून काही नाही. ग्राहक हेल्पलाइनलाही (१९१५) फोन केला. पण मशीन लग्नाच्या लॉनवर चालतं, म्हणजे धंद्यासाठी, त्यामुळे मी कायद्याने ‘ग्राहक’ ठरतो का इथूनच वाद सुरू होईल, असं वकिलांनी सांगितलं. घरच्या बंगल्याच्या बागेसाठी मशीन असणाऱ्यांनी तिथे जरूर जावं, तुमची बाजू माझ्यापेक्षा बळकट आहे. आणि कच्च्या बिलाचे साडेसात हजार वाचवू नका.

आता हे मशीन आवारातून बाहेर जात नाही. काका रविवारी येतात, मी पान्हे देतो. जूनमध्ये ठेवताना टाकी पूर्ण उपसतो आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपणहून थांबेपर्यंत चालू ठेवतो. ऑइल दर ५० तासांनी. पात्यांना हात लावण्याआधी प्लगची वायर काढून बाजूला बांधायची, हे काकांचं सोवळं, त्यात तडजोड नाही. पात्याला धार लावली की मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यावर अडकवून बघतात. जी बाजू खाली झुकते ती आणखी घासायची, नाहीतर थरथरून बेअरिंग जातं. वरचं कव्हर काढून इंजिनाच्या पंख्याखाली पाहिलं तर वाळलेल्या गवताचा घट्ट थर निघाला. हवेवर थंड होणारं इंजिन असं कोंडल्यावर तापणारच. तो थर आमचा की आधीच्या मालकाचा, देव जाणे.

नवीन इंजिनाचं कोटेशन आलंय, ते मी अजून भावाला दाखवलेलं नाही. धुरासकट सध्या हेच चालवतोय. मामांना सगळा प्रकार कळल्यावर त्यांनी शेडच्या भिंतीवर इंजिनाचे तिन्ही नंबर लाल ऑइलपेंटने हातभर मोठे लिहून काढले, वर स्वस्तिक. ११ ने सुरू होणारा कोड आहे तो, आमचा नव्हेच. पण मामांनी इतक्या हौसेने रंगवलाय की पुसायला सांगवत नाही.