लॅक्स्टन: कुंपण नसलेल्या शेतांचे गाव

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन हे गाव पाहायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच जाणून असावी: या गावाची ख्याती ज्यासाठी आहे, ते पहिल्या नजरेत दिसत नाही. रस्त्याच्या दुतर्फा लाल विटांची शेतघरे आहेत, त्यांतील काहींची बाजूची भिंत रस्त्याकडे आहे; एक चर्च आहे, एक पब आहे आणि आवारांत ट्रॅक्टर उभे आहेत. पोस्टकार्डावरच्या इंग्लिश खेड्याची अपेक्षा ठेवून आलेला प्रवासी अर्ध्या तासात गाडीत परत बसेल. मात्र गावाबाहेर पडल्यावर जी सलग, कुंपण नसलेली शेते लागतात, ती आजही मध्ययुगापासून चालत आलेल्या सामाईक नियमांखाली कसली जातात, आणि त्या नियमांचा अंमल करणारी गावाची न्यायसभा, म्हणजे कोर्ट लीट, आजही दरवर्षी भरते. उघड्या शेतांचे अवशेष इंग्लंडमध्ये इतरत्रही आहेत. डेव्हनमधील ब्रॉन्टनचे मोठे शेत त्यांपैकी एक. परंतु शेते आणि त्यांच्यावर देखरेख करणारी न्यायसभा ही दोन्ही एकत्र पाहायची असतील, तर लॅक्स्टनलाच यावे लागते.

सुरुवात ‘डव्हकोट इन’ या पबजवळच्या अभ्यागत केंद्रापासून करावी. केंद्र लहान आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत आणि आत माहिती सांगायला कोणी बसलेले नसते. ज्याला मार्गदर्शकाच्या मागे फिरण्याची सवय आहे, त्याला हे उणे वाटेल. मला तसे वाटले नाही, कारण येथे सावकाश वाचावे लागते आणि वाचल्याखेरीज पुढची पायपीट व्यर्थ आहे. शेतपद्धतीचे मर्म येथेच समजून घेऊन बाहेर पडलेले बरे.

ते मर्म थोडक्यात असे. गावाची लागवडीची जमीन वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड अशा तीन मोठ्या शेतांत विभागलेली आहे. प्रत्येक शेताचे अनेक पट्टे आहेत आणि एकाच शेतकऱ्याचे पट्टे तिन्ही शेतांत विखुरलेले असतात, म्हणजे चांगली जमीन एकाकडे आणि पाणथळ जमीन दुसऱ्याकडे असे होत नाही. एका वर्षी एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक, आणि तिसरे पडीक. पुढच्या वर्षी हा क्रम एका शेताने सरकतो. पूर्वी पडीक शेतावर गावाची गुरे सामाईक चरत. आता तेथे बहुधा चाऱ्याचे पीक घेतले जाते. आपल्या पट्ट्यात काय पेरायचे हे शेतकऱ्याने एकट्याने ठरवायचे नसते, कारण शेजाऱ्याचा गहू उभा असताना याचे शेत चराईला मोकळे झाले, तर सगळाच क्रम कोलमडेल. शेतांमधील ज्या उतारांवर किंवा ओलसर जागी नांगर चालत नाही, तेथे गवताचे सार्वजनिक पट्टे राखलेले आहेत. त्यांना साइक म्हणतात आणि त्यांवरील गवताचा दरवर्षी गावात लिलाव होतो. शतकानुशतके नांगर न लागल्यामुळे या पट्ट्यांवर रानफुलांची जी विविधता राहिली आहे, तिच्यासाठी त्यांना निसर्गसंरक्षणाचा दर्जाही मिळालेला आहे.

हे टिकले कसे, हा प्रश्न मला सर्वांत रोचक वाटतो, आणि त्याचे उत्तर गावाच्या भाबड्या परंपराप्रेमात शोधू नये. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडमधील सामाईक जमिनी कुंपणात घेऊन खाजगी करण्यासाठी पार्लमेंटमध्ये पाच हजारांहून अधिक विधेयके आली आणि बहुतेक गावांची उघडी शेते त्यांत नाहीशी झाली. लॅक्स्टनमध्येही काही जमीन कुंपणात गेलीच. उरलेली वाचली, याचे नेहमी दिले जाणारे कारण असे, की येथील दोन मोठ्या जमीनदारांचे, म्हणजे अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो यांच्या घराण्यांचे, एकमेकांशी जमले नाही. पुढे या व्यवस्थेचे दुर्मीळपण लक्षात आले, तेव्हा १९५२ मध्ये कृषी मंत्रालयाने जमीनदारी विकत घेतली. १९८१ मध्ये ती राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या क्राउन इस्टेट या संस्थेकडे गेली आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे मॅनव्हर्स घराण्याच्याच जुन्या मालमत्तेकडे, परतली. जमीनदारांच्या बेबनावामुळे जे वाचले, ते पुढे सरकारने जाणीवपूर्वक जपले, असा हा प्रवास आहे.

लॅक्स्टनचा १६३५ सालचा नकाशा मार्क पिअर्स याने तयार केला आणि मूळ प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. पट्टे, घरे आणि वाटा त्यात बारकाईने दाखवल्या आहेत. त्या काळी पट्ट्यांची संख्या दोन हजारांहून अधिक होती. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रांना सोयीचे व्हावे म्हणून त्यांचे एकत्रीकरण झाले आणि आजचे पट्टे त्यामुळे बरेच मोठे आहेत. शेतात उभे राहून जुन्या नकाशातील बारीक रेघा शोधणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तर निराशा टळते.

न्यायसभेचे कामकाज नोव्हेंबरच्या अखेरीस सुरू होते. ज्यूरीवर नेमलेले शेतकरी गहू पेरलेल्या शेतात फिरतात, पट्ट्यांच्या हद्दी तपासतात, खुंट्या ठोकतात, आणि कोणी बांध कोरून साइकमध्ये किंवा वाटेवर नांगर घातला असेल, तर त्याची नोंद करतात. आठवडाभराने पबमध्ये कोर्ट लीट भरते, सभेचे कामकाज चालवणाऱ्या स्टुअर्डसमोर अहवाल येतो, दंड ठरतात आणि पुढील वर्षीची ज्यूरी नेमली जाते. दंडाची रक्कम किरकोळ असते. सर्व शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाणे हीच खरी शिक्षा असावी, असे माझे मत आहे. १९७७ च्या कायद्याने इंग्लंडमधील अशा बहुतेक न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, पण लॅक्स्टनच्या सभेचे अधिकार राखले. मोकाट जनावरे पकडणाऱ्या पिंडर या अधिकाऱ्याचे पदही येथे आहे आणि त्याचा कोंडवाडा गावात पाहता येतो, जरी त्यात जनावर कोंडले जाण्याची वेळ आता क्वचितच येत असेल.

चर्च आणि किल्ला यांना तासभर पुरतो. सेंट मायकेल चर्चची एकोणिसाव्या शतकात मोठी पुनर्बांधणी झाली, तरी मध्ययुगात येथील जमीनदार असलेल्या एव्हरिंगहॅम घराण्यातील व्यक्तींचे मध्ययुगीन पुतळे आत आहेत आणि त्यांतील एक लाकडाचा आहे. गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातील किल्ल्याचे केवळ मातीचे उंचवटे उरले आहेत. दगडी बुरूज पाहण्याच्या ओढीने जाऊ नये, पण वर चढल्यास आजूबाजूच्या मुलखाचा अंदाज येतो. गावाजवळच राष्ट्रीय होलोकॉस्ट केंद्र, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराची आठवण जपणारी संस्था, आहे. ते त्याच दिवशी घाईत उरकू नये, त्याला वेगळा दिवस द्यावा.

आता माझा आक्षेप. लॅक्स्टनविषयी लिहिताना त्याला मध्ययुगाचा जिवंत तुकडा म्हणण्याची रूढी आहे. ती मला पटत नाही. आजचे शेतकरी मुख्यतः इस्टेटची कुळे आहेत. उघड्या शेतातील पट्टे त्यांना इस्टेटकडून कसायला घेतलेल्या शेतीबरोबर मिळतात आणि पट्टे कसायचे तर न्यायसभेचे नियम पाळणे आले. त्यांची गुजराण बरीचशी कुंपणातल्या इतर जमिनीवर चालते, आणि शेती करणारी घरे कमी होत गेल्यास ज्यूरीची बाके भरायची कोणी, हा प्रश्न खरा आहे. येणाऱ्या पाहुण्याला ही अडचणही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी, कारण तीत या गावाचे महत्त्व अधिकच कळते. आठवणीत राहिलेली पद्धत वेगळी आणि दरवर्षी माणसे जमवून, वाद घालून, दंड भरून चालवावी लागणारी पद्धत वेगळी.

जाण्यासाठी स्वतःचे वाहन असलेले उत्तम. ए-वन महामार्गावरील टक्सफर्डपासून गाव जवळ आहे. जमीन जड चिकणमातीची असल्यामुळे पावसानंतर बुटांना किलोभर माती चिकटते. पायवाटांवरून शेतांत फिरता येते, पण पेरलेल्या पट्ट्यांत पाऊल टाकू नये आणि कुत्रा बरोबर असल्यास त्याला दोरीने धरावे. साइकवरील फुलांसाठी जूनचा महिना निवडावा, तो गवत कापण्याआधीचा असतो. ज्यूरीचा दिवस मात्र प्रेक्षकांसाठी योजलेला सोहळा नाही, गावकऱ्यांच्या कामाचा दिवस आहे, तेव्हा तो पाहायचा असल्यास आधी विचारूनच जावे.